ट्रेसिंग पेपरवरचे मास्तर

"डिझाइनची डिग्री नाही, नोकरी सोडायची नाही, खिसा बेताचा. यूएक्ससाठी एखादा ऑनलाइन कोर्स सांग ना!" आम्हा कोडिंगवाल्यांत हा प्रश्न वरचेवर निघतो. मी कोर्सचं नाव सांगायचं सोडून इतिहास सांगत बसतो, त्यामुळे हल्ली मला कमी लोक विचारतात :) असो.

यूएक्स हे नाव तसं अलीकडचं. डॉन नॉर्मन १९९३ मध्ये ॲपलमध्ये गेला, तेव्हा त्याच्या पदनामातून ते रूढ झालं. पण घरबसल्या, सवडीने, स्वस्तात शिकायची कल्पना त्याहून दीडशे वर्षं जुनी आहे. जानेवारी १८४० मध्ये ब्रिटनमध्ये अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र देशात कुठेही एका पेनीत जायला लागलं. बाथ गावच्या आयझॅक पिटमनने त्याच वर्षी आपली शॉर्टहँड एका कागदावर छापून पेनीला विकायला काढली. लोक बायबलमधले उतारे शॉर्टहँडमध्ये उतरवून त्याला पाठवायचे, तो तपासून परत पाठवायचा. तपासणी फुकट! काम हाताबाहेर गेल्यावर १८४३ मध्ये त्यासाठी मंडळच निघालं आणि सभासद नवशिक्यांचे कागद तपासू लागले.

शॉर्टहँडचं एक बरं असतं, चूक की बरोबर ते ठरलेलं असतं. आपल्या कोडचंही बरंचसं तसंच. चुकला की कंपायलर ओरडतो. स्क्रीनचं डिझाइन चुकलं तर कुणीच ओरडत नाही, माणूस गुपचूप ॲप बंद करतो आणि डिझाइन करणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मग असली विद्या पोस्टाने शिकवायची कशी?

चित्रकलेवाल्यांनी हे करून दाखवलंय. चार्ल्स शुल्झने (हो, 'पीनट्स'मधल्या स्नूपीवाला) १९४० मध्ये मिनियापोलिसच्या एका संस्थेचा व्यंगचित्रांचा टपाली कोर्स घेतला. फी १७० डॉलर, वडील न्हावी, त्यांनी हप्त्याहप्त्याने भरली. हा राहायला शेजारच्याच सेंट पॉलमध्ये, तरी चित्रं पोस्टानेच जायची. 'मुलांची चित्रं' या धड्यात त्याला सी प्लस मिळाला! महायुद्धावरून परतल्यावर तो त्याच संस्थेत इतरांचे धडे तपासायला बसला.

पुढे १९४८ मध्ये अमेरिकेतच, कनेटिकट राज्यात, फेमस आर्टिस्ट्स स्कूल निघालं. नॉर्मन रॉकवेलसारखी मोठी नावं संस्थापकांत होती. तिथली एक पद्धत मला भारी आवडते. विद्यार्थ्याच्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून शिक्षक स्वतःच्या हाताने दुरुस्ती काढायचे आणि दोन्ही परत पाठवायचे. मूळ चित्राला धक्का नाही आणि चूक कुठे तेही नेमकं दिसतं. आजही डिझाइन रिव्ह्यू याहून वेगळा काय असतो?

पण याच कंपनीचं भावंड होतं फेमस रायटर्स स्कूल. जेसिका मिटफर्डने १९७० मध्ये 'द अटलांटिक' मासिकात त्याची पार चिरफाड केली. नामवंत लेखक जाहिरातीपुरते, शिकवणारे भलतेच. आणि खरी मेख अशी, की बहुतेक विद्यार्थी अर्ध्यात सोडायचे आणि धंदा त्यावरच चालायचा. फी घेतली, पण तपासायला कागदच आले नाहीत तर खर्च कसला? १९७२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

आता आपल्या काळात या. डेन्मार्कमधलं इंटरॅक्शन डिझाइन फाउंडेशन २००२ पासून आहे. गूगलचं यूएक्स सर्टिफिकेट कोर्सेरावर २०२१ मध्ये आलं. महिन्याच्या वर्गणीवर, म्हणजे जितकं लवकर संपवाल तितकं स्वस्त. 'सवडीने शिका' म्हणायचं आणि मीटर चालू ठेवायचा, ही गंमत आहेच. व्हिडिओ लाखभर लोकांना दाखवायचा खर्च जवळपास शून्य, पण लाखभर वायरफ्रेम तपासणार कोण?

स्टॅनफर्डच्या स्कॉट क्लेमरने २०१२ मध्ये कोर्सेरावरच्या आपल्या कोर्सात विद्यार्थ्यांनाच एकमेकांचं काम तपासायला लावलं, आणि त्याआधी नमुन्याच्या कामांवर गुण देण्याचा सराव करून घेतला. म्हणजे पिटमनच्या मंडळाचाच प्रकार!

म्हणून मला विचाराल तर कोर्सची फी आणि व्हिडिओचे तास नंतर बघा. आधी विचारा, माझं काम कोण बघणार? उत्तर 'कुणी नाही' असेल तरी तो कोर्स घ्यायला हरकत नाही, स्वस्त पुस्तकासारखा तो वापरता येतो. फक्त ट्रेसिंग पेपर घेऊन बसणारे दोघं-तिघं आधी गाठून ठेवा. फी भरायच्या आधी, नंतर नव्हे.