जावळ: वस्तऱ्याच्या अलीकडचा इतिहास

बाळाच्या पहिल्या केसांसाठी मराठीत स्वतंत्र शब्द आहे, 'जावळ'. हा शब्द मोठ्या माणसाच्या केसांना लावत नाहीत. जावळ एकदा काढले की पुन्हा येत नाही. पुढे येतात ते नुसते केस. म्हणजे या शब्दाच्या पोटातच एक मुदत दडलेली आहे. त्यातून जावळ कुरळे असले तर त्याचे कौतुक अधिक. येणारी-जाणारी बाई बोटाभोवती एखादी बट गुंडाळून पाहते, 'कोणावर गेलाय?' म्हणून विचारते, आणि आजोळ व घर यांच्यात त्या बटांच्या मालकीवरून गोड तंटा सुरू होतो.

मात्र एवढ्या कौतुकाच्या या केसांचा इतिहास लिहू जावे, तर हाती लागतात ती बहुतेक केस काढण्याची वर्णने. ते कसे राखले, कोणी धुतले, गुंता कसा सोडवला, याविषयी ग्रंथ मूक आहेत. ज्या कामात बायकांचे हात गुंतलेले असतात त्याची नोंद कमी होते, हे आता नव्याने सांगायला नको. तरीही अधूनमधून, दुसरेच काही सांगता सांगता, ग्रंथांतून या कामाची एखादी खूण निसटून जाते. अशा खुणांचा माग आम्ही येथे काढणार आहोत. मुलग्याच्याच केसांविषयी बोलत आहोत, कारण मुलीच्या कुरळ्या केसांपुढे वेणी असते, मुलग्याच्या केसांपुढे वस्तरा.

पहिली खूण गृह्यसूत्रांत सापडते. चूडाकर्म किंवा चौल हा संस्कार पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी करावा, असे मनुस्मृती सांगते. आश्वलायन तिसरे वर्ष किंवा कुलाचार सांगतो. म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात (1941) या संस्काराची सूत्रासूत्रांतली मतांतरे मांडली आहेत. आमचे लक्ष मात्र पारस्कराच्या तपशिलाकडे जाते. आईने मुलाला न्हाऊ घालून, नवी वस्त्रे नेसवून, मांडीवर घेऊन अग्नीच्या पश्चिमेस बसावे. थंड पाण्यात ऊन पाणी मिसळावे. त्यात लोण्याचा गोळा, नाहीतर तूप किंवा दही घालावे. त्या पाण्याने केस भिजवावेत, साळिंदराच्या तीन पांढरे पट्टे असलेल्या काट्याने ते मोकळे करावेत आणि मग दर्भाचे कोवळे अंकुर मध्ये धरून वस्तरा चालवावा.

कुरळ्या केसांच्या दोन-तीन वर्षांच्या पोराचे डोके ज्याने कधी विंचरले आहे, त्याला या विधीत मंत्रांच्या आधीचे काहीतरी ओळखू येईल. कुरळा केस कोरडा पडतो. टाळूचे तेल सरळ केसावरून जसे टोकापर्यंत घरंगळते तसे वळणावळणांवरून उतरत नाही. असा केस कोरडा विंचरला की तुटतो आणि पोर किंचाळते. म्हणून आधी कोमट पाणी, मग स्निग्ध पदार्थ, मग विरळ दातांची फणी किंवा नुसती बोटे, आणि टोकाकडून मुळाकडे. सूत्रकाराने लोणी आणि साळिंदराचा काटा शोधून काढला असे आम्ही मानत नाही. घरात रोज चालणारे काम त्याने उचलले आणि त्याला मंत्र जोडले, हे अधिक संभवनीय वाटते. आमचा हा तर्क आहे. पण नाजूक कातडीवरच्या गुंत्यावर थेट वस्तरा चालत नाही, ही गोष्ट कोणत्याही सूत्राआधी कोणत्याही आईला ठाऊक असणार.

आश्वलायनात एक तपशील आणखी आहे. कापलेले केस शमीच्या पानांसह आईच्या हाती दिले जातात आणि ती ते बैलाच्या शेणावर ठेवते. मुलीचा हाच संस्कार अमंत्रक. आजच्या मराठी घरांत बाळ आईच्या नव्हे, मामाच्या मांडीवर बसते. सूत्रातली आईची मांडी मामाकडे कधी व का गेली, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. एखाद्या विद्यार्थ्याने तो घ्यावा.

चौल झाले की अक्षरे. कौटिल्य राजपुत्राला चौलानंतर लिपी आणि अंकगणित शिकवायला सांगतो. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गातला रघूही चौलानंतर लिपी शिकतो, आणि त्याच्याबरोबर शिकणाऱ्या अमात्यपुत्रांच्या कानशिलांवर काकपक्ष हलत असतात. काकपक्ष म्हणजे मुंडनात दोन्ही बाजूंना राखलेली झुलपे. जुन्या कोशपरंपरेत तो शब्द मुलांच्या शिखेसाठीच दिला आहे. विश्वामित्र मागायला येतो तेव्हा वाल्मीकींचा राम काकपक्षधर आहे. वडिलांना पोर लहान वाटते, ऋषीला ते राक्षस मारण्याजोगे वाटते, आणि या दोन मतांच्या मध्ये कवी दोन झुलपे ठेवतो. कोवळेपणा सांगण्याची ही रीत फार काटकसरीची आहे.

शब्दांचेही पाहण्यासारखे आहे. संस्कृताने कुरळ्या बटेला 'अलक' म्हटले, 'चूर्णकुंतल' म्हटले. पण हे शब्द बहुधा नायिकेच्या कपाळावर रुळले. आपण घरात वापरतो तो 'कुरळा' मात्र निराळ्या घराण्याचा दिसतो. शेजारच्या कन्नडात 'कुरुळु' म्हणजे केसांची बट. काव्यासाठी उत्तरेकडचा शब्द आणि न्हाणीघरासाठी दक्षिणेकडचा, ही वाटणी मराठीत इतरत्रही आढळते.

न्हाणीघराचे नाव निघालेच आहे तर तेथेही डोकावले पाहिजे, कारण जावळाचा खरा इतिहास तेथे घडला. बाळंतिणीच्या खोलीत रोज 'टाळू भरणे' हे काम असे. कोमट खोबरेल किंवा तिळाचे तेल बाळाच्या मऊ टाळूवर हलक्या हाताने जिरवायचे. ही टाळू साधारण वर्ष-दीड वर्षात मिटते. तोवर फणी लावायची नाही, बोटांनीच केस सारखे करायचे. अंगाला डाळीचे पीठ आणि दूध, न्हाऊन झाल्यावर शेगडीवर ओवा-धूप टाकून धुरी, आणि डोक्यावर टोपडे किंवा कुंची. शिकेकाई-रिठा मोठ्या मुलांसाठी. तान्ह्याच्या डोळ्यांत ते झोंबते. या साऱ्याला ग्रंथ नाही, सासू आणि सुईण आहे. यातले सगळेच शहाणपणाचे होते असेही नाही. कोंडलेल्या खोलीतला धूर तान्ह्याच्या छातीला चांगला नव्हे. जावळ काढल्याने केस दाट येतात ही समजूतही खरी नाही; वस्तरा कातडीवरचा केस कापतो, मूळ जेथल्या तेथे राहते. कुरळे जावळ गेले आणि मागाहून सरळ केस आले, तर तो दोष न्हाव्याचा नसतो. बाळपणीचे वळण वाढत्या वयात आपोआपही बदलते.

नवसाच्या मुलाची गोष्ट निराळी. त्याचे जावळ कुलदेवतेच्या दारी उतरायचे असे, आणि जेजुरी-तुळजापूरची वाट जमेपर्यंत वर्षे जात. तोवर त्या पोराची वेणी घालत, दृष्ट लागू नये म्हणून त्याला परकरात वावरू देत, नाव धोंडू नाहीतर दगडू ठेवत. पुढे पडद्यावर याची उलटी बाजू दिसली. दादासाहेब फाळक्यांनी 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्णाची भूमिका आपल्या मुलीला, मंदाकिनीला दिली. मुलगा मुलीसारखा आणि मुलगी बाळकृष्णासारखी दिसू शकते, एवढी या वयाची मुभा समाजाने मान्य केली होती.

देवाच्या कुरळ्या बटांचे सुख मात्र सर्वांच्या वाट्याला येत नाही, आणि येथे आम्हांला या विषयाचा खरा काटा बोचतो. छापील चित्रातल्या बाळकृष्णाच्या कपाळावर रुळतात त्या 'बटा'. तसेच केस रस्त्यावरच्या पोराच्या डोक्यावर असले की त्या होतात 'झिपऱ्या'. केसांचे वळण तेच, फरक तेलाचा, पाण्याचा आणि विंचरणाऱ्या हाताला मिळणाऱ्या वेळेचा. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर बूटपॉलिश करणाऱ्या मुलांवर अरुण साधूंनी कादंबरी लिहिली, तिचे नाव 'झिपऱ्या'. त्या पोराला केसांवरूनच हाक मारली जाते. केस विंचरायला घरी कोणी नाही, ही माहिती त्या हाकेतच आहे.

त्याही पलीकडे 'जट' आहे. कुरळे केस बरेच दिवस विंचरले नाहीत, नीट धुतले नाहीत की एकमेकांत गुंततात आणि त्यांचा घट्ट दोर होतो. केसांचा हा साधा व्यवहार. पण आपल्याकडे त्यात देवीचे बोलावणे पाहिले गेले, आणि गरीब घरांतली कितीतरी मुले-मुली, मुली अधिक, यल्लमाच्या नावाने सोडली गेली. 1989 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघर जाऊन, समजूत घालून जटा उतरवत आले आहेत. एका वेळेवर सोडवलेल्या गुंत्याने एखादे आयुष्य वाचले असते, असे म्हणणे येथे अलंकारिक नाही.

वस्तरा चालवणाऱ्याकडेही पाहायला हवे. गावचा न्हावी जावळाला बोलावला जाई आणि त्याच घरी विधवेच्या केशवपनालाही. 1890 च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी या दुसऱ्या कामाला नकार दिला. तो नकार आपल्या सामाजिक इतिहासातला अभिमानाचा प्रसंग आहे. पण नकाराची आणखीही एक जात होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणाच्या इंग्रजी आठवणी 1935-36 च्या सुमारास लिहिल्या. त्या 1990 साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाल्या. गोरेगावच्या प्रवासाची प्रसिद्ध हकीकत त्यांतलीच. प्रवासाच्या हकीकतीनंतर ते साताऱ्याच्या घराविषयी थोडेसे लिहितात, आणि ते सहसा वर्गात वाचले जात नाही. साताऱ्यात न्हावी होते, पैसे देण्याची ऐपत होती, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही तयार नव्हता. म्हणून घरातल्या मुलांचे केस त्यांची थोरली बहीण कापत असे.

ही मुले तेव्हा जावळाच्या वयाची राहिलेली नव्हती, आणि त्यांचे केस कुरळे होते की सरळ याचाही तेथे उल्लेख नाही. तरी आमच्या वाचनात घरातल्या बाईच्या केस कापण्याच्या कौशल्याची इतकी स्पष्ट लेखी नोंद दुसरी नाही. भावांच्या डोक्यांवर सराव करता करता ती त्या कामात चांगलीच तरबेज झाली होती, असे बाबासाहेब लिहितात. त्या प्रसंगात ते तिचे नाव देत नाहीत.