एक्झॉस्टची नळी आणि चिमूटभर टायटॅनियम
क्रोमियम-निकेलच्या गंजरोधक पोलादाचे पेटंट क्रुप कारखान्याने १९१२ साली घेतले. विमान-इंजिनाच्या एक्झॉस्टसाठी ते आदर्श भासे. परंतु वेल्डिंगलगत, सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सिअसला, त्यातील कार्बन क्रोमियम बळकावी, गंजरोध हरपे आणि तडे जात. उपाय विलक्षण साधा निघाला: किंचित टायटॅनियम. कार्बन त्यालाच बिलगतो, क्रोमियम शाबूत राहते. हेच ‘३२१’ पोलाद. घरी विमान बांधणारे पुष्कळ हौशी आजही तेच निवडतात. साधे पोलाद स्वस्त खरे, पण उष्णतेने पापुद्रे सुटून झिजते. अनेक छोट्या विमानांत केबिनची ऊब याच नळीभोवती तापलेल्या हवेतून येते. नळीला तडा गेला, तर तिच्यासोबत गंधहीन कार्बन मोनॉक्साइड वैमानिकाच्या श्वासात शिरतो.