कुताईचे यूप व त्यांचें स्थान

बोर्निओ बेटाच्या पूर्वभागांत महाकाम नदीस केडांग रांताउ ही नदी जेथें मिळते, तेथें मुआरा कामान हें गांव आहे. ‘मुआरा’ म्हणजे नदीचें मुख. हल्लीं हा मुलूख इंडोनेशियाच्या कुताई कार्तानेगारा जिल्ह्यांत मोडतो. येथील संस्कृत लेख असलेले चार शिलायूप इ. स. १८७९ मध्यें व आणखी तीन इ. स. १९४० मध्यें उजेडांत आले. लेखांत काल दिलेला नाहीं. अक्षरवटिका पल्लव वळणाची असल्यामुळें ते सुमारें इ. स. ४०० चे मानतात. कर्न, फोगेल व बहादुरचंद छाब्रा यांनीं त्यांचा अभ्यास केला.

हे लेख ‘हिंदी वसाहती’चा पुरावा म्हणून पुष्कळदां पुढें केले जातात. मूळ शब्द पाहतां तसें म्हणवत नाहीं. यजमान मूलवर्मा, त्याचा पिता अश्ववर्मा, पितामह कुंडुंग. पितामहाचें नांव संस्कृत व्युत्पत्तीनें लागत नाहीं. तें तेथलेंच दिसतें. शिवाय ‘वंशकर्ता’ हें पद कुंडुंगास नसून त्याच्या पुत्रास लाविलेलें आहे. अर्थात् घराणें स्थानिक; संस्कृत नांव दुसऱ्या पिढीनें धारण केलें. बाहेरून आले ते ब्राह्मण, असें लेखच सांगतात. त्यांस वप्रकेश्वर क्षेत्रीं २०,००० गाई दिल्याचा उल्लेख आहे. त्यांत स्तुतीचा अंश किती, हें सुज्ञांनीं ठरवावें.

यूपांचें रूपही हेंच सांगतें. मथुरेजवळील ईसापूरचा शिलायूप घडीव व अष्टकोनी असून त्यावर रज्जु कोरलेली आहे; कुताईचे यूप ओबडधोबड उभे दगड आहेत. मंत्र आला, पाथरवट आला नाहीं.

मग ब्राह्मण इतक्या दूर कां आले? उत्तर नदींत आहे. घनदाट अरण्याच्या या प्रदेशांत नदी हाच राजमार्ग. वरच्या अंगास सेमायांग व मेलिंतांग हीं सरोवरें पुरानें फुगतात. तेथील लोक खांबांवरच्या घरांत राहून मासे धरतात व वाळवितात. अरण्यांतील माल खालीं समुद्राकडे जावयाचा, तो या संगमावरूनच. संगम ज्याच्या हातीं, तो राजा.

पुढें सतराव्या शतकांत हें राज्य कुताई कार्तानेगाराच्या सुलतानांनीं जिंकलें व इ. स. १७८२ मध्यें त्यांची राजधानी तेंगारोंग येथें गेली. यूप आज जकार्त्याच्या संग्रहालयांत आहेत. तेथें ते नुसते संस्कृत लेख वाटतात. संगमावर उभे कल्पिले म्हणजे कुंडुंगाचें नांवही वाचतां येतें. आपल्या दप्तरांत ताम्रपट ठेवतांना तो कोणत्या शिवारांत सांपडला, हें टिपून ठेवण्याचें महत्त्व याहून निराळें सांगावयास नको.