शाळेच्या दारातली अट

मेनहार्ड फॉन फाउंडलर या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाला खरं तर कुणाला काही शिकवायचं नव्हतं. रुग्णालयातल्या कोणत्या मुलाचं अंथरूण ओलं झालंय हे परिचारिकेला चटकन कळावं, एवढ्यासाठी त्यानं विजेची घंटी बसवली. गादी भिजली की घंटी वाजे आणि परिचारिका येऊन चादर बदले. पण पुढे घंटी वाजायचीच कमी झाली, कारण काही मुलं अंथरूण ओलं करायची थांबली होती. ही नोंद १९०४ सालची. १९३८ मध्ये ओ. होबार्ट मावरर आणि विली मे मावरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दाम्पत्यानं हीच युक्ती उपचार म्हणून पद्धतशीरपणे वापरली. रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांसाठी डॉक्टर आजही तसा अलार्म सुचवतात. नेमक्या क्षणी इशारा मिळाला, तर शू लागणं आणि उठून जाणं यांचा मेळ शरीराला बसवता येतो, हे यातून कळलं.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांपर्यंत मात्र हे ज्ञान पोचायला फार वेळ लागला. अशी मुलं मोठाल्या सरकारी संस्थांत ठेवण्याची तेव्हा अमेरिकेत रीत होती. न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवरची विलोब्रुक ही संस्था ४,००० जणांसाठी बांधलेली. १९६०च्या दशकात तिथे ६,०००हून अधिक जण कोंबलेले होते. १९७२ मध्ये जेराल्डो रिव्हेरा या तरुण पत्रकारानं आतलं चित्रण टीव्हीवर दाखवलं, तेव्हा देशानं घाणीत बसलेली, अंगावर धड कपडा नसलेली मुलं पाहिली. ‘यांना समजतच नाही’ हे त्या घाणीचं ठरलेलं स्पष्टीकरण होतं. प्रत्यक्षात त्यांना वेळेवर संडासात नेणारं माणूसच नव्हतं, आणि माणसं न नेमण्याचा दोष मुलांच्या बुद्धीवर ढकलला जात होता.

या समजुतीला खरा धक्का दिला तो इलिनॉय राज्यातल्या ॲना या छोट्या गावानं. तिथल्या सरकारी मनोरुग्णालयात नेथन अझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स यांनी अतितीव्र बौद्धिक अक्षमता असलेले नऊ प्रौढ निवडले. त्यांना चड्डीत अलार्म बसवलेला असे. थेंबभर ओल आली की तो वाजे. दुसरा अलार्म संडासाच्या भांड्यात होता, शी-शू जागच्या जागी झाली की वाजणारा. सराव भरपूर मिळावा म्हणून थोड्या थोड्या वेळानं पेयं पाजायची, ठरावीक अंतरानं भांड्यावर बसवायचं, चड्डी कोरडी असली की दर पाच मिनिटांनी शाबासकी आणि खाऊ. वर्षानुवर्षं जे शिकणार नाहीत म्हणून सोडून दिले होते, त्यांना शिकायला साधारण चार दिवस लागले. कपडे ओले होण्याचं प्रमाण लगेच सुमारे ९० टक्क्यांनी घटलं आणि पुढे जवळजवळ शून्यावर आलं. १९७१ मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

या पद्धतीची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. कपडे ओले केले तर ज्याचे त्याला धुवायला लावत, फरशी पुसायला लावत आणि तासभर खाऊ नि कौतुक दोन्ही बंद. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही, त्याच्यासाठी ही शिक्षाच होती. पुढच्या अभ्यासकांनी हा भाग हळूहळू गाळला. २००२ मध्ये सिसेरो आणि फॅट यांनी तीन स्वमग्न मुलांना अशी शिक्षा न करता शिकवलं. शू व्हायला लागलेली दिसली की अचानक मोठ्यानं हाक मारायची, मूल दचकून थांबलं की लगेच संडासात न्यायचं, आणि उरलेली शू तिथे झाली तरी तिचं कौतुक करायचं. नॉर्थ कॅरोलायनात १९७२ मध्ये एरिक शॉपलर यांनी स्वमग्न मुलांसाठी सुरू केलेल्या टीच कार्यक्रमामुळे चित्रांची पट्टी रुजली: चड्डी खाली, बसणं, पुसणं, चड्डी वर, पाणी, हात धुणं. बोललेलं विरून जातं, चित्र समोर राहतं. न बोलणाऱ्या मुलाला हा मोठा आधार असतो.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत अशा मुलांना शाळेचं दार बंदच होतं. ‘आधी सवय लावा, मग घेऊन या,’ असं पालकांना सांगून परत पाठवलं जाई. पेनसिल्व्हेनियात तर ‘शिकवता येत नाही’ असा शिक्का मारून मुलाला शाळेबाहेर ठेवायची कायद्यातच सोय होती. पालकांची संघटना न्यायालयात गेली. १९७२ मध्ये मान्य झालेल्या तडजोडीत दोन्ही पक्षांनी कबूल केलं, की अशा प्रत्येक मुलाला शिक्षणाचा लाभ होतो आणि सगळ्यात मागे असलेलं मूलही स्वतःची थोडीफार काळजी घ्यायला शिकू शकतं. म्हणजे शी-शूची सवय ही प्रवेशाची अट राहिली नाही, तो शिकवायचा विषय झाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा पालट हाच. १९७५ मध्ये अशा मुलांच्या शिक्षणासाठी देशभर लागू होणारा कायदा आला.

कायदा आला तरी प्रश्न उरला, की शाळेत हे करायचं कुणी? टेक्सासमधल्या अर्व्हिंग शहरातली ॲम्बर टॅट्रो स्पायना बिफिडा हा पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष घेऊन आली होती. लघवीवर ताबा नसल्यानं दर तीन-चार तासांनी नळीनं मूत्राशय रिकामं करावं लागे. मिशिगनचे डॉक्टर जॅक लॅपिडेस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं होतं, की त्यासाठी सगळं निर्जंतुक असण्याची गरज नाही, स्वच्छता पुरते. काम काही मिनिटांचं आणि तासाभरात शिकता येण्याजोगं. ॲम्बरचे आईवडील, तिला सांभाळणारी बाई, किशोरवयीन भाऊ, सगळ्यांना ते येत होतं. शाळा मात्र नकार देत राहिली: हे वैद्यकीय काम, आमचं नव्हे. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८४ मध्ये निकाल लागला, तेव्हा ॲम्बर आठ वर्षांची होती. ही मदत मिळाली नाही तर मूल वर्गात बसूच शकणार नाही, म्हणून ती देणं शाळेचं काम आहे, असं न्यायालयानं ठरवलं.

भारतात त्याच वर्षी सिकंदराबादला राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्था स्थापन झाली. आपल्याकडचा २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांवर प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करण्याची जबाबदारी टाकतो. रॅम्प, कठडे, कमोड असलेली दिव्यांग स्वच्छतागृहं आज कितीतरी शाळांत दिसतात. पण जिथे मुलाला तिथवर घेऊन जायला, नाडी सोडायला, धीरानं शेजारी थांबायला मदतनीस नसतो, तिथे आईच दिवसभर शाळेत बसून राहते. खोली बांधून जबाबदारी संपत नाही. त्या खोलीसाठी माणूस नेमणं हेही शाळेचंच काम आहे, आणि ते पालकांनी ठामपणे मागायला हवं.