जनाईचा केर

नामदेवरायांच्या घरी जनाबाईंनी झाडलोट करावी आणि त्यांनी काढलेला केर साक्षात पांडुरंगाने पाटीत भरून, ती डोक्यावर घेऊन, दूर टाकून यावा, हा प्रसंग जनाईंच्या अभंगांतून आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. मीही चाळीस वर्षे त्यावर निरूपण केले. देव भक्तीपुढे लहानथोर पाहत नाही, कोणतेही काम त्याला हलके वाटत नाही, असे सांगताना श्रोत्यांचे डोळे पाणावत. पण एक प्रश्न मलाही सुचला नाही आणि कुणा श्रोत्यानेही विचारला नाही. देवाने तो केर दूर नेला, म्हणजे नेमका कुठे नेला?

जनाईंच्या काळचा केर कसा असेल? चुलीची राख, भाजीची देठे, गोठ्यातले शेण, पत्रावळी-द्रोण, अंगणातला पाचोळा आणि क्वचित एखादे फुटके गाडगे. आमच्या लहानपणीही कृष्णाकाठच्या गावांत केर असाच होता. तो उकिरड्यावर जाई, वर्षभर कुजे आणि वैशाखात गाड्या भरून रानात पडे. चिंध्यांची वाकळ होई. रद्दी वाण्याकडे पुड्या बांधायला जाई. राखेने भांडी लख्ख होत. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, ही म्हण अशा उकिरड्याकडे पाहूनच निघाली असावी. त्या व्यवस्थेत ‘दूर’ म्हणजे आपलेच रान होते. टाकलेले सगळे पुढच्या सुगीत दाणा होऊन घरी परत येत होते.

तरी त्या काळाचे नुसते गोडवे गाऊ नयेत. मेलेले जनावर ओढणे, गावची घाण काढणे ही कामे जन्मावरून ठरत. चोखोबारायांच्या वाट्याला काय आले, हे आपल्याला ठाऊक आहे. देवाने पाटी उचलली हे आपण टाळ-मृदंगावर गाइले, आणि पाटी उचलणाऱ्या माणसाला मात्र वेशीबाहेर ठेवले. संप्रदायाच्या इतिहासातली ही बोच झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पुढे शहरे वाढली. साताऱ्याची नगरपालिका १८५३ सालची. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पाठोपाठ तो आपल्या भागातही शिरला. लोक राहती घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहिले. माझ्या घरचा केर हा माझ्या एकट्याचा प्रश्न नाही, शेजाऱ्याचा जीवही त्यावर अवलंबून आहे, हे त्या साथींनी समाजाला फार मोठी किंमत घेऊन शिकवले. झाडूवाले, कचऱ्याच्या गाड्या आणि पुढे चौकाचौकातल्या कचराकुंड्या यांचा पसारा वाढत गेला. सोय झाली, पण कुंडीने आपल्याला एक वाईट सवयही लावली. पिशवी तिच्या दिशेने भिरकावली की आपले कर्तव्य संपले! ती कुंडीत पडली की बाहेर, हेही मागे वळून पाहायचे नाही. आणि ज्या हातांनी ती उचलायची, ते हात बहुतेक त्याच पूर्वीच्या वस्त्यांमधले राहिले.

या सवयीवर घाव घातला तो एका कीर्तनकाराने. श्रीसंत गाडगे महाराजांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. गावात आले की ते आधी खराटा हाती घेत, रस्ते झाडत, गटारे साफ करीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात जेवायला फुटके गाडगे. लोकांनी टाकून दिलेलेच त्यांनी ल्यायले आणि त्यातच भाकरी खाल्ली. कीर्तनात ते सांगण्यापेक्षा विचारत जास्त. उत्तर श्रोत्यांच्या तोंडून काढून घेत. कर्मवीर भाऊराव पाटलांची त्यांच्यावर अपार श्रद्धा. १९५४ साली रयत शिक्षण संस्थेने कराडला काढलेल्या महाविद्यालयाला बाबांचे नाव मिळाले, ते आजही आहे. १९५६ च्या डिसेंबरात बाबांनी देह ठेवला. पुढे २०००-०१ साली सांगली जिल्ह्यातल्या अंजनीचे सुपुत्र आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना बाबांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावेच्या गावे खराटे घेऊन बाहेर पडली, ते दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील.

त्याच २००० साली केंद्र सरकारने शहरांच्या घनकचऱ्यासाठी पहिले नियम केले. त्यांत मुख्य भार होता तो नगरपालिकांवर. ८ एप्रिल २०१६ च्या नव्या नियमांनी मात्र थेट आपल्या उंबऱ्याला हात घातला. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा आणि औषधे, रंगाचे डबे, बॅटऱ्या, सुया असला घातक कचरा वेगळा, ही निवड ज्याच्या घरात कचरा होतो त्यानेच करायची. रस्त्यावर टाकायचा नाही, जाळायचा नाही, नाल्यात सोडायचा नाही. कुंड्या हळूहळू उठल्या आणि दारात घंटागाडी येऊ लागली. सुरुवातीला कुरकूर झाली. गाडीची वेळ सांभाळायची, दोन-दोन डबे ठेवायचे, ही कसली कटकट, असे मीही म्हणालो आहे.

पण या कटकटीने काय साधले ते आपल्याच मुलखात पाहावे. देशभरातल्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकवस्तीच्या शहरांमध्ये २०२० साली पहिला क्रमांक आला तो सातारा जिल्ह्यातल्या कराडचा. २०२१ साली सांगली जिल्ह्यातल्या विट्याचा. २०२२ साली पुन्हा सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीचा, आणि त्याच वर्षी कराड तिसरे. तीन वर्षे लागोपाठ हा मान कृष्णा-येरळेच्या पट्ट्यात राहिला. पाचगणीत जिथे पूर्वी कचऱ्याचे ढीग होते, तिथे आज बाग आहे. बारा वर्षांनी उकिरड्याचे पांग फिटतात, ते असे! हे काही एका साहेबाचे किंवा एका यंत्राचे काम नव्हे. हजारो घरांतल्या आयाबहिणींनी रोज सकाळी दोन डबे वेगळे ठेवले, त्याचे ते फळ आहे.

वेगळे ठेवण्याचे एवढे महत्त्व का? ओला कचरा निर्भेळ असला तर त्याचे खत होते. त्यात एक प्लॅस्टिकची पिशवी, एक फुटकी काच गेली की ते खत शेतकरी रानात घालू धजत नाही. सुका कचरा कोरडा असला तर कागद, पत्रा, प्लॅस्टिक पुन्हा कामी येते. त्यावर उरलेली आमटी ओतली की सगळेच वाया. मिसळलेले मग डेपोवर जाते, कुजते, पेटते, धुमसते. आणि त्याचा धूर शेजारच्या गावातल्या लेकरांच्या छातीत जातो. आजचे ‘दूर’ हे असे आहे. ते दुसऱ्याचे दार आहे.

आता माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी घरात काचेचा पेला फुटला. मी काचा गोळा केल्या आणि भाजीच्या देठांबरोबर ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. सकाळी घंटागाडीवरच्या ताईंनी डबा ओतला, हाताने थोडे सारखे केले, आणि त्यांचा तळवा चिरला. मी हळद घेऊन धावलो. त्या एवढेच म्हणाल्या, “महाराज, काच कागदात गुंडाळून वेगळी द्या हो. आम्हाला आत दिसत नाही.” आवाजात राग नव्हता. त्याच रात्री शेजारच्या गावात सप्ताहाचे कीर्तन होते आणि निरूपणाला जनाईंचाच अभंग होता. पाटी डोक्यावर घेतलेल्या पांडुरंगाचे वर्णन करू लागलो आणि माझा कंठ दाटला. श्रोत्यांना वाटले, महाराजांना भाव दाटून आला. मला मात्र तो चिरलेला तळवा दिसत होता.

त्या दिवसापासून या प्रसंगाचा अर्थ मला थोडा निराळा लागला. देवाने पाटी उचलली खरी, पण केर जनाईंनी आधी स्वतः काढला होता. आपल्या वाट्याचे काम त्यांनी देवावर ढकलले नव्हते, म्हणून देवाला ते उचलावेसे वाटले. आपण मात्र न निवडता, न पाहता डबा पुढे करतो आणि निवडण्याचे काम त्या ताईंच्या हातांवर सोडतो. विवेक म्हणजे तरी काय? सार-असार निवडणे. घरातली माउली तांदूळ निवडते, खडा बाजूला काढते. स्वयंपाकाआधी जी निवड, तीच जेवणानंतर केली की झाले.

आपल्या सप्ताहांना आणि दिंड्यांनाही हे लागू आहे. शंभराहून अधिक लोक जमणार असतील तर आधी तीन दिवस स्थानिक संस्थेला कळवावे आणि तिथला कचरा वेगळा करून द्यावा, असे २०१६ च्या नियमांनीच सांगितले होते. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. तरी काल्याच्या महाप्रसादानंतर देवळामागच्या ओढ्यात काय दिसते, ते आपण जाणतो. माउलींच्या पादुकांना नीरा नदीत स्नान घालून सोहळा सातारा जिल्ह्यात येतो. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम होतात. ही गावे आपल्याला अंगण देतात, पाणी देतात, भाकरी देतात. २०१५ पासून निर्मल वारीत फिरती शौचालये आली आणि मागे राहणारी घाण कमी झाली. उरलेले काम आपल्या हातचे आहे. तळ सोडताना विणेकऱ्याने पुढे व्हावे, पण दिंडीतल्या चौघांनी मागे राहून पत्रावळी एकीकडे आणि बाटल्या दुसरीकडे करून मगच निघावे. पताका धरण्याइतकीच ती सेवा आहे.

उद्या सकाळी दारात घंटा वाजेल. देवळात घंटा वाजली की आपले हात आपोआप जुळतात. दारातल्या घंटेला हात जोडण्याची गरज नाही. दोन डबे नीट निवडलेले असावेत, काच वेगळी बांधलेली असावी, आणि पाटी उचलणाऱ्याला आदराने ‘या’ म्हणावे. ती पाटी जनाईंच्या दारात कुणी उचलली होती, हे आपण वारकरी तरी विसरू नये.

रामकृष्णहरि!