कार्यसंचिका, इलेक्ट्रॉनिक
कार्यसंचिका, इलेक्ट्रॉनिक : विद्यार्थ्याने आपल्या कामांतून निवडलेले नमुने व त्यांवरील त्याचे स्वतःचे चिंतन यांचा संगणकीय संग्रह. इंग्रजी ‘पोर्टफोलिओ’ हा शब्द मूळचा सुटे कागद वा चित्रे नेण्याच्या बस्त्याचा वाचक होय.

अमेरिकेतील स्टोनी ब्रुक येथील विद्यापीठात पीटर एल्बो व पॅट बेलानॉफ यांनी १९८० नंतरच्या दशकात लेखनाच्या एका परीक्षेऐवजी निवडक लेखांची संचिका तपासण्याची पद्धत सुरू केली. व्हर्माँट राज्याने १९९० नंतर ती शाळांत राबविली. परंतु तेथे परीक्षकांचे गुण परस्परांशी पुरेसे जुळले नाहीत. विस्कॉन्सिनमधील अल्व्हर्नो महाविद्यालयाने १९९९ मध्ये संचिका महाजालावर आणली.

ब्लॉग वा अनुदिनी लोकप्रिय होताच, संचिकेसाठी स्वतंत्र आज्ञावली हवी की सामाईक अनुदिनी-मंच पुरेसा आहे, हा प्रश्न उद्‌भवला. बेन वर्डमुलर व डेव्हिड टॉश यांनी २००४ मध्ये रचलेल्या ‘एल्ग’मध्ये दोहोंचा मेळ होता. व्हर्जिनियातील मेरी वॉशिंग्टन विद्यापीठाने २००७ मध्ये ‘वर्डप्रेस’वर आधारित सामाईक अनुदिनी-मंच स्वीकारला. न्यूझीलंडमध्ये मात्र मॅसी, ऑक्लंड तंत्रविद्या व वेलिंग्टनचे व्हिक्टोरिया ही विद्यापीठे आणि ओपन पॉलिटेक्निक यांनी शासकीय अनुदानातून २००६ मध्ये ‘महारा’ ही मुक्तस्रोत आज्ञावली हाती घेतली. माओरी भाषेत ‘महारा’ म्हणजे विचार वा विचार करणे.

दोहोंतील भेद रचनेचा आहे. अनुदिनीत नोंदी कालक्रमाने साचतात व सामान्यतः एकाच वाचकवर्गासमोर येतात. महारात अनुदिनी हे केवळ एक साधन असते. संग्रह प्रथम खाजगी राहतो. त्यातून विद्यार्थी स्वतंत्र पृष्ठे जुळवितो आणि प्रत्येक पृष्ठ कोणी व किती काळ पाहावे, हे स्वतः ठरवितो. त्यामुळे फसलेला पहिला खर्डा शिक्षकाला दाखविता येतो आणि भावी मालकापासून राखता येतो. मूल्यमापनासाठी सादर केलेले पृष्ठ तपासणी होईपर्यंत बदलता येत नाही.

या निवडीला मर्यादाही होत्या. प्रणाली संस्थेच्या ताब्यात असल्याने शिक्षण संपल्यावर संचिकेचे काय, हा प्रश्न उरला. त्यावर महाराने ‘लीप-टू-ए’ या मानक स्वरूपात संग्रह बाहेर नेण्याची सोय केली. मेरी वॉशिंग्टनने २०१३ पासून विद्यार्थ्यांना स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ देऊ केले. तथापि गुणदान करणाराच वाचक असेल, तर विद्यार्थी चिंतनातही त्याला रुचेल तेच लिहिण्याचा संभव असतो. हा दोष कोणत्याही आज्ञावलीने दूर होत नाही; त्यासाठी मूल्यमापनाची रीतच बदलावी लागते.