गिमिक, स्टंट आणि लाटणं

निवडणूक जवळ आली की आपल्या महाळुंग्यातही ‘हे सगळं गिमिक आहे’ असं कानावर पडतं. आणि बायका रिकामे हंडे घेऊन ग्रामपंचायतीवर गेल्या, की ‘स्टंट चाललाय नुसता’ म्हणतात. लक्ष वेधून घ्यायची युक्ती, एवढाच अर्थ धरून दोन्ही शब्द सरमिसळ वापरले जातात. पण त्यांचं कूळ एक नाही.

गिमिक हा शब्द अमेरिकेतल्या जत्रांमधला. तो मुळात कुठून आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण 1926 साली छापलेल्या तिथल्या बोलीच्या एका कोशात तो सापडतो. सरळ खेळ लबाडीचा करायचं साधन, असा अर्थ त्यात दिला आहे. आपल्या जत्रेत आकड्यांचं चक्र फिरवतात ना, तसंच तिथेही असायचं. चक्र कुठे थांबवायचं हे खेळवणाऱ्याच्या हाताखालची लपवलेली कळ ठरवायची. ती कळ म्हणजे गिमिक. पुढे अर्थ पसरत गेला आणि जाहिरातीतल्या कुठल्याही चमत्कारिक युक्तीला तोच शब्द लागला. आपल्याकडे हातचलाखी म्हणतात, ती याच्या जवळची.

चाकणच्या आसपास प्लॉटच्या जाहिराती पाहा. बुकिंगवर सोन्याचं नाणं, सोबत जेवण, जागा बघायला गाडीची सोय. नाणं खरंही असेल. कळ असते ती सातबाऱ्यात: आपलं नाव स्वतंत्र लागणार, दहा जणांत सामाईक लागणार, की लागणारच नाही? ते फलकावर लिहीत नाहीत.

स्टंटचं तसं नाही. तो अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांतून आलेला शब्द, अंगमेहनतीचं धाडस दाखवणारा. आपल्याकडे तो रुळला सिनेमामुळे. मुंबईत वाडिया मूव्हीटोनचे स्टंटपट निघत. 1935 साली त्यांचा ‘हंटरवाली’ आला. त्यातली नादिया घोड्यावरून दौडायची, चाबूक चालवायची, गुंडांना लोळवायची आणि उड्याही स्वतःच मारायची. पडली तर हाड तिचंच मोडणार होतं. स्टंटमध्ये लपवण्यासारखं काही नव्हतं. तो शब्द शिवी कसा झाला कोण जाणे! तमाशाचंही तेच झालं. ज्या कलेवर माणसं जीव टाकतात, तिचं नाव घेऊनच बाईला गप्प करतात, ‘तमाशा करू नकोस’ म्हणून.

आता 1972 साल आठवा. थोरल्या बायकांना तो दुष्काळ ठाऊक आहे. धान्य, तेल, रॉकेल, सगळंच महाग आणि मिळायची मारामार. मुंबईत वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या आणि महागाईविरोधी समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर त्यात पुढे होत्या. हातात लाटणी घेऊन मोर्चे निघाले, थाळ्या बडवल्या गेल्या.

लाटणं मुद्दामच उचललं होतं, हे मान्य करायला काय हरकत आहे? लोकांनी वळून पाहावं, पेपरात फोटो यावा, हा हेतू होताच. शिवाय लाटणं प्रत्येकीच्या घरात होतं, ते विकत आणावं लागत नव्हतं. पण त्यामागे कळ कुठलीच नव्हती. मागणी तोंडाने ओरडून सांगितली जात होती, रेशनवर धान्य द्या, तेल द्या. त्या बायकांना कुणाला फसवायचं नव्हतं, उलट आपल्या घरातली रिकामी परात त्या चारचौघांत दाखवत होत्या. हंडा मोर्चाही मला त्याच घरातला वाटतो.

मृणालताई त्याआधीपासून गोरेगावात नळाच्या पाण्यासाठी भांडत होत्या. लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणत. 1977 मध्ये त्या आणि अहिल्याताई, दोघीही मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या.